आत्याकडून पास

आमच्या घरातून इंग्रजीचं एकही वाक्य आत्याच्या नजरेखालून गेल्याशिवाय बाहेर पडत नसे. रजेचा अर्ज असो, घरमालकाकडे तक्रार असो की बाबांच्या साहेबांना शुभेच्छा, सगळं आधी आत्याकडे. ती कपाळावरचा चष्मा खाली ओढायची, ‘इन’चं ‘ऑन’ करायची, ‘टू’ला हाकलून ‘फॉर’ला बसवायची आणि म्हणायची, "आता पाठव." याला आम्ही ‘आत्याकडून पास’ म्हणायचो.

आत्या आमच्यातच राहायची आणि गिझरच्या कारखान्यात नोकरी करायची. गिझरच्या खोक्यात जी पुस्तिका येते आणि जी कुणी उघडत नाही, ती आत्या लिहायची. तिथे पूर्वी कुणीतरी एक शब्द चुकवला होता, आणि एका गृहस्थांनी टाकीत भरायचं पाणी टाकीवर ओतलं. गृहस्थ वाचले, गिझर गेला. तेव्हापासून अशा बारक्या शब्दांपुढे आत्या कुणाची भीडभाड ठेवत नसे.

ताईच्या नवऱ्याची भाषा वेगळी. दोघांचा संसार मोडक्यातोडक्या इंग्रजीत उत्तम चालला होता. मग पडद्यांच्या रंगावरून भांडण झालं, ताई रागाच्या भरात "जा" म्हणाली आणि भावोजी खरंच आपल्या भावाकडे निघून गेले. फोन उचलेनात. ताई आमच्याकडे आली, मेसेज लिहिला आणि सवयीप्रमाणे आत्यापुढे धरला.

आत्याने तो असा दुरुस्त केला की नाव ठेवायला जागा नव्हती. झालेल्या गैरसोयीबद्दल खेद, लवकरात लवकर परतण्याची विनंती. उत्तर नाही. दुसराही पास होऊन गेला. त्यावर मात्र भावोजींनी कळवलं: हे कुठल्या वकिलाने लिहून दिलं? मला सोडायचं असेल तर तू स्वतः सांग.

ताईच्या तोंडचं पाणी पळालं. तिने स्वयंपाकघरात उभ्याउभ्याच नवा मेसेज लिहिला. ‘आय अ‍ॅम अँग्री ऑन मी, नॉट ऑन यू. कम टू होम. हाउस इज टू मच बिग.’ मग फोन आत्याच्या हातात दिला.

आत्याने वाचलं. तिचा अंगठा ‘टू’वर जाऊन थांबला. मला ताईची फार दया आली.

"बरोबर आहे का गं?" ताईने शेवटी विचारलं.

"अजिबात नाही," आत्या म्हणाली आणि तसाच पाठवून दिला.

चहा उकळायच्या आत उत्तर आलं. भावोजी निघाले होते. त्यांच्या उत्तरात एक शब्द धड नव्हता. ताई ते वाचून रडायला लागली, आणि आत्याने गॅस बारीक केला.

"मलाही एकाने असंच लिहिलं होतं," ती म्हणाली.

"मग?" ताईने डोळे पुसत विचारलं.

"मी दुरुस्त करून परत पाठवलं."