तारेची तिकिटं जमवणारे मामाजी

मला बघायला आले तेव्हा माझ्या सासऱ्यांनी, म्हणजे मामाजींनी, मला काहीच विचारलं नाही. पोह्यांची बशी बाजूला सारून ते माझ्या वडिलांना म्हणाले, "तुमच्या घरून कधी तार गेली होती का जी? तुमच्या बाबाच्या जमान्यात?"

वडील गोंधळले. तिरोड्यात आमचा तांदळाचा व्यापार होता आणि आजोबा कलकत्त्याच्या आडतीला तारा करत. माळ्यावरून जुन्या पावत्यांचा गठ्ठा काढला, तशी मामाजींनी ओसरीवरच मांडी ठोकली. निघायची वेळ झाली तरी ते पावत्या चाळतच होते. सोबतच्या पाहुण्यांनी विचारलं, "पोरगी कशी वाटली?" मामाजी म्हणाले, "ज्या घरी कागद जपून ठेवतेत, त्या घरची पोर बेसच असन."

अशी मी गोंदियाला आले.

मामाजी रेल्वेच्या मालधक्क्यावर कारकून होते. त्यांना नाद एकच, तारेच्या जुन्या तिकिटांचा. त्या तिकिटावर राणीचं डोकं दोनदा छापलेलं असे, एक वर, एक खाली. तारबाबू ते मधोमध कापायचा. खालचं अर्धं तारेच्या कागदावर राहायचं, वरचं पावतीवर चिकटून घरी यायचं. मामाजींजवळ सगळी वरचीच अर्धी होती. पितळेच्या परातीत पाणी घेऊन ते पावत्या भिजत घालत आणि सुटलेली तिकिटं टिपकागदावर वाळवत. सासूबाई कुरकुरायच्या, "त्या परातीत मी कणीक कवा भिजवू?" मामाजी म्हणत, "राणी उठू दे, मंग भिजव."

एकदा नागपूरच्या एका शौकिनाने त्यांना कुठलं तरी खालचं अर्धं आणून दिलं. दोन तुकडे जोडले की पूर्ण तिकीट दिसेल, म्हणाला. मामाजींनी ते परत केलं. "दिसन पूर्ण. पण होनार नाही ना बावा."

आमचे हे तारबाबू होते. लढाई सुरू झाल्यावर फौजेच्या तारखात्यात गेले. तिथून ब्रह्मदेशात. मग एका दुपारी घरी तार आली. मी सुपात तांदूळ निवडत होते. मामाजींनी ती दोनदा वाचली आणि म्हणाले, "सापडून नाही राहिला, असं लिहिलं हाये. बेपत्ता."

सासूबाईंनी हंबरडा फोडला. शेजारपाजार जमा झाला. मी सुपातले तांदूळ निवडून संपवले, धुतले आणि चुलीवर ठेवले. दुसऱ्या दिवशी सकाळी मामाजी परातीपुढे बसले. बाया आपसात बोलल्या, सासरा दगड आणि सूनही दगड. त्या खोटं बोलत नव्हत्या. मला आत काही सापडतच नव्हतं.

पुढे मामाजींनी लोकांकडे पावत्या मागणं सोडलं. लढाईच्या दिवसांत दारात उभं राहून कोणी 'तार' म्हटलं की आतल्या बाईच्या हातातलं भांडं पडायचं. ते त्यांनी एकदा पाहिलं होतं.

वर्ष उलटल्यावर मामाजींची थोरली बहीण आली. ओसरीवर भावकी बसली होती. ती म्हणाली, "किसना, किती दिवस असं? तेरवी करून टाक. पोरीच्या हातातल्या बांगड्या पाहून लोकं बोलून राहिले."

"काहून करू तेरवी? मेला असं कोनी लिहिलं?"

"सारं गाव समजून आहे. तुलेच कायले समजत नाही?"

मामाजींनी मला हाक मारली. सगळ्यांसमोर विचारलं, "माय, तुले का वाटते?"

तोवर हे मला कोणी विचारलंच नव्हतं. मी म्हणाले, "मला काहीच वाटत नाही, मामाजी."

"मंग राहू दे. वाटन तवा सांगजो." भावकीकडे वळून ते म्हणाले, "झालं. चहा प्या."

त्यावर बहिणीने दोन वर्षं आमच्या घरचं पाणी घेतलं नाही. मामाजींनी तिची समजूत घातली नाही आणि मलाही पुन्हा काही विचारलं नाही. मी कुंकू लावत होते, बांगड्या घालत होते, जेवत होते.

लढाई संपली. कोणाकोणाची माणसं परतली. आमच्या आळीतला एक जण एक पाय गमावून आला आणि त्याच्या घरी पुरणपोळ्या झाल्या. त्याच्या आईने आमच्याकडे पोळी पाठवली. मी ती ताटात वाढायला घेतली आणि बसल्या जागी कळलं. रडू आलं नाही. नुसतं कळलं.

मामाजी अंगणात बंबात लाकूड सारत होते. मी जवळ जाऊन म्हणाले, "मामाजी, ते येणार नाहीत."

त्यांनी लाकूड नीट आत ढकललं. धुरामुळे असेल, डोळे पुसले.

"हो माय."

"तुम्हाला कधी वाटलं?"

"तार वाचली तवाच."

मग ते हळूहळू उठले आणि खुंटीवरचा सदरा अंगात घालून बहिणीला तेरवीचं सांगायला निघाले.