उघड्या दारातून

रायपुरातल्या आमच्या पाऱ्यातल्या, म्हणजे मोहल्ल्यातल्या, दीदीला हळू बोलणं जमतच नाही. भाजीवाल्याशी बोलली तरी चौकापर्यंत ऐकू येतं. टीबी झाला तेव्हा मात्र ती कित्येक महिने गप्प होती.

ती बरी झाल्यावर शेजारच्या पोरीला टीबी झाला. पोरगी भिंतीकडे तोंड करून पडून राही, गोळ्या घेईना. घरच्यांनी लाजेनं दार लावून घेतलं. दीदीनं ते सताड उघडलं आणि पोरीजवळ बसली.

"मले बी टीबी होता. मरावंसं वाटे. डॉक्टरले तेही सांगतलं, त्याचाही इलाज झाला. तू काहून लपवून राहिली?"

साऱ्या गल्लीनं ऐकलं. अभिमानानं माझी मान ताठ झाली.

थोड्या वेळानं दोघी बाहेर आल्या. रिक्षावाल्याला पोरीनंच मोठ्यानं सांगितलं, "टीबी अस्पताल चलो, भैया."