आरशाचं तेल

गॅरेजात त्याला सगळे ‘आरसा’ म्हणत. त्यानं रंगवलेल्या गाडीच्या दारात बघून भांग पाडता येतो, असं कुणीतरी कधीतरी म्हणालं आणि ते नाव चिकटलं. नाव मिळालं तसं नाकही वर चढलं. सव्वीस वर्षं हा गृहस्थ रंगाच्या खोलीत नाकानं कांदे सोलत होता, तेही मास्क न लावता. मास्क लावला की वास कळत नाही, वास कळला नाही तर रंगात थिनर किती झालं ते कळत नाही, आणि मापानं मोजून रंग कालवायला आपण काय कालचे शिकाऊ आहोत, असं त्याचं शास्त्र होतं.

हे शास्त्र त्याच्या बायकोला तोंडपाठ होतं. ती त्याच गॅरेजच्या मागच्या खोलीत गाड्यांची सीट कव्हरं शिवायची. दोघं घरी परतत तेव्हा दोन मजले चढताना हा मधल्या कठड्याला टेकायचा आणि मोबाईल बघतोय असं दाखवायचा. मोबाईल बंद असायचा. छाती मात्र शिट्टी वाजवत असायची.

छातीच्या डॉक्टरांनी फोटो उजेडासमोर धरून सांगितलं होतं, “मास्क लावा, नाहीतर फवारणी सोडा. तिसरा रस्ता नाही.” तिनं स्वतः जाऊन चांगला मास्क आणला. हात जोडले, आठ दिवस अबोला धरला, एकदा ढसाढसा रडलीही. पालथ्या घड्यावर पाणी. मास्क रंगाच्या खोलीत खिळ्याला लटकत राहिला.

तिसरा रस्ता दाखवला साडूनं, म्हणजे तिच्या बहिणीच्या नवऱ्यानं. हा आधी पाणी शुद्ध करायची यंत्रं विकायचा, मग गुडघ्यांना बांधायचे चुंबकाचे पट्टे, आणि आता आयुर्वेदिक तेल.

“नाकात दोन थेंब, साडूबुवा,” तो म्हणाला. “छातीला, कानशिलांना, तळपायांना चोळायचं आणि डोळे मिटून श्वास मोजायचा. धूळ, धूर, रंग, सगळं तेलातच अडकतं. आत जाईलच काय?”

तिचा तेलावर राग नव्हता. तिची आईसुद्धा थंडीत नाकपुडीला तेलाचं बोट लावायची. नाक मऊ राहतं, चोळलं की बरं वाटतं, एवढंच आई म्हणायची. पण तेलानं रंगाचा धूर अडतो असं म्हणायला साडूसारखंच टाळकं लागतं, आणि ते खरं मानायला तिच्या नवऱ्यासारखं.

आता आरसा शांत झाला. त्याच्या रागापेक्षा ही शांती जास्त छळायची. दुपारी डबा खाल्ला की तो बादली पालथी घालून बसायचा, नाकात तेल सोडायचा, छाती चोळायचा आणि मग गॅरेजभर उपदेश करत फिरायचा. पत्रे ठोकून सरळ करणाऱ्या ठोक्याला तो म्हणाला, “तुझ्या हातोडीत राग आहे रे. श्वासाकडे बघ.”

“मी बोटाकडे बघतो,” ठोक्या म्हणाला. “श्वास काय ठेचत नाही.”

मग एका निळ्या गाडीचं बॉनेट बिघडलं. फवारलेला रंग जागोजाग मागे सरला आणि मसुराएवढे गोल खड्डे पडले. आरशानं सगळं घासून पुन्हा मारलं. पुन्हा खड्डे. तिसऱ्यांदाही तेच. नाचता येईना अंगण वाकडं, तसं थिनर भेसळीचं निघालं, फवाऱ्याला हवा देणारा कॉम्प्रेसर पाणी सोडू लागला आणि ठोक्यानं मुद्दाम घाण हात लावल्याचंही ठरलं. शांती कुठल्या कुठे पळाली.

मालक एवढंच म्हणाला, “उद्याही असंच झालं तर बाहेरचा पेंटर बोलावतो. तुम्ही गाड्या पुसा.”

दुसऱ्या दिवशी दुपारी ती फिकट कापडाचं कव्हर उलटून बघत होती. त्यावर एक डाग होता. तळहात आणि पाच बोटं, अगदी स्पष्ट. तेल चोळून झाल्यावर नवरा तिथेच हात टेकून उठला होता. तिच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. फवारा हातात घेण्याआधी पत्र्यावरून उघडा तळहात फिरवायची त्याची जुनी खोड होती. बारीक कणही हाताला लागतो, अशी त्याची फुशारकी असे. तेलकटपणा काढायच्या सॉल्व्हंटनं स्वच्छ पुसलेल्या पत्र्याला हा शहाणा रोज स्वतःच्या हातानं तेल लावत होता, मग रंग कसा धरणार?

तिनं कव्हर खाली ठेवलं. आपण काहीच बोललो नाही तर फवारा सुटेल, धूर सुटेल, नवरा वाचेल. पण दुसऱ्यांच्या गाड्या पुसताना त्याचं तोंड कसं दिसेल, ते तिला बघवलं नसतं. ती उठली, कव्हरांची मापं काढायचा पातळ कागद घेऊन रंगाच्या खोलीत गेली आणि त्याचा हात धरून त्यावर दाबला.

“हा घ्या तुमचा कॉम्प्रेसर,” ती म्हणाली.

कागद उजेडात धरल्यावर अख्खा पंजा आरपार दिसला. आरसा पांढराफटक पडला. मग त्यानं कोपरापर्यंत हात साबणानं तीनदा धुतले, हातमोजे चढवले, अंगभर सूट घातला. आणि खिळ्यावरचा मास्क काढून तोंडाला आवळला.

“हा कशाला?” तिनं विचारलं.

“नाकात तेल आहे,” तो आतून म्हणाला. “शिंक आली तर बॉनेटवर उडेल.”

बॉनेट काचेसारखं निघालं. तेव्हापासून मास्क रोज तोंडावर, आणि तेलही चालूच.

तीन महिन्यांनी साडू आला, तेव्हा आरसा त्याच्यासोबत दोन्ही मजले न थांबता चढला आणि दारातच पायरीवर पाय आपटून म्हणाला, “बघितलंत? शिट्टी गेली. तेलाची कमाल!”

साडूनं लगेच आणखी दोन बाटल्या पिशवीतून काढल्या. ती चहाचे कप ठेवत होती. शिट्टी गेली याचा तिला आनंद होता, तरी शेवटचा कप तिनं जरा आपटूनच ठेवला.

“अहो,” ती म्हणाली, “मी बॉनेट असते, तर तुम्ही पहिल्याच दिवशी मास्क लावला असतात.”

साडू खो खो हसला. आरसा हसला नाही. त्यानं कप उचलला, ओठांपर्यंत नेला आणि न पिताच खाली ठेवला.