पेडल धरून ठेवणे

डिसेंबरातला रविवार, सकाळी नऊ, बोरिवलीतल्या आमच्या सोसायटीचं आवार. हजर: बाबा, वय अठ्ठ्याहत्तर, त्यांची पन्नाशीला आलेली गाडी, ती वर्षानुवर्षं सांभाळणारे मिस्त्री, आणि यादी घेऊन मी, बाबांची मुलगी.

दिवाळीच्या आधी गोरेगावच्या पुलाच्या उतारावर गाडी वेळेत थांबली नव्हती. पुढच्या रिक्षाचा दिवा फुटला. बाबांनी जुन्या ड्रम ब्रेकना दोष दिला. मी म्हटलं, पुढच्या चाकांना डिस्क ब्रेक बसवू, मग खुशाल चालवा. तोपर्यंत किल्ली माझ्याकडे.

दुपारी एकपर्यंत यादीतल्या सात कामांवर खुणा झाल्या. आठवं काम ब्रेकच्या नळ्यांतली हवा काढण्याचं. त्याला दोन माणसं लागतात. एकजण पेडल दाबून धरतो, दुसरा चाकापाशी छोटा स्क्रू सैल करून हवा आणि तेल बाहेर सोडतो, पुन्हा आवळतो. तोवर पाय हलता कामा नये. हलला की हवा परत आत.

"मी बसतो," बाबा म्हणाले. "हिला काय कळतंय त्यातलं!"

चाकाजवळून मिस्त्रींचा आवाज आला, "दाबा काका. धरा... धरा... अहो, सोडलंत ना!"

"धरलंय रे! तुझाच पाना सरकतोय."

"बरोबर. म्हातारा झाला माझा पाना."

दोघंही हसले. चार वेळा तेच झालं. ब्रेक ऑइलची बाटली अर्ध्यावर आली तेव्हा मी उघड्या दारातून आत डोकावले. बाबांचा गुडघा थरथरत होता आणि ते दोन्ही हातांनी मांडी खाली दाबत होते. मला पाहून त्यांनी हात स्टिअरिंगवर ठेवले.

मिस्त्री उठले, हात पुसले. "काका, चहाचं बघा ना जरा. ताई, तुम्ही बसा."

दहा मिनिटांत काम झालं. मिस्त्रींनी आवारात फेरी मारली. जिथे ब्रेक दाबला तिथे गाडी उभी राहिली. "झकास," ते बाबांना म्हणाले. माझ्याकडे पाहिलं नाही.

"आता दे किल्ली," बाबा म्हणाले. "ठरलं होतं आपलं."

मी म्हटलं, मिस्त्रींनी दोन दिवस थांबायला सांगितलंय. मिस्त्रींनी तसं काही सांगितलं नव्हतं.

त्याला तीन आठवडे झाले. बाबा रोज सकाळी गाडी पुसतात. किल्ली माझ्या पर्समध्ये आहे. यादीत मी नववी ओळ लिहिली आहे, बाबांशी बोलणे. तिच्यापुढे अजून खूण नाही.