समोरच्या घरी नेलेला फोन

आमच्या ह्यांच्या मते आजच्या मुलांचं वाटोळं मोबाइलनं केलं. हे मत ते रोज जेवताना मला वाचून दाखवतात, डाव्या हातात स्वतःचा मोबाइल धरून. दिरांच्या ग्रुपवर असले संदेश सकाळपासून येत असतात. आमटी निवते, पण संदेश संपत नाहीत.

बँकेनं ह्यांची बदली केली आणि आम्ही चेन्नईला आलो, तेव्हा मुलगी आठवीत होती. पहिलं वर्ष तिनं कसं काढलं ते मलाच माहीत. वर्गात कुणी बोलेना, हिला भाषा येईना. शाळेतून आली की दप्तर टाकून भिंतीकडे तोंड करून पडायची. मग समोरच्या फ्लॅटमधल्या मुलीनं हिला आपलं म्हटलं. दोघी एकाच वर्गातल्या. बसमध्ये जागा धरायची ती, टी. नगरच्या बाजारात कानातली घ्यायला न्यायची ती, आणि तमिळ शिकवली तीही तिनंच. अकरावीत येईपर्यंत आमची पोरगी रिक्षावाल्याशी तमिळमध्ये हुज्जत घालायला लागली. मला केवढं बरं वाटलं! एवढ्या मोठ्या शहरात तिची ती एकच मैत्रीण होती. दुसरी तिला नको होती आणि मिळालीही नसती.

फोन ह्यांनीच घेऊन दिला. अट एकच, पासवर्ड बाबांना ठाऊक हवा. दर रविवारी तपासणी व्हायची, शाखेत ऑडिटर येतो त्या थाटात. पण दोघींचं सगळं बोलणं तमिळमध्ये, तेही इंग्रजी अक्षरांत लिहिलेलं. ह्यांना त्यातला एक शब्दही कळायचा नाही. मला बाजारापुरतं बोलता येतं, पण ते असं लिहिलेलं वाचायला गेले की माझंही डोकं चालत नाही. त्यात नंबर कुणाचा ते कळायला नावच नाही, नावाच्या जागी आंब्याचं चित्र.

“हा आंबा कोण?” ह्यांनी विचारलं.

“मैत्रीण.”

“मग वाचून दाखव काय लिहिलंय ते.”

“माझं लिहिलेलं दाखवते, बाबा. तिचं नाही दाखवणार. ते तिचं आहे.”

मला तिचा अभिमान वाटला, खोटं कशाला बोलू? ह्यांना मात्र आंबा म्हणजे मुलगाच, याची खात्री पटली. मी म्हटलं, “अहो, सोळा वर्षांची आहे ती, विश्वास ठेवा जरा.” त्यावर “तुझ्या लाडानंच हे झालंय” हे ठरलेलं उत्तर मिळालं.

पुढच्या रविवारी ती आंघोळीला गेली आणि हे तिचा फोन घेऊन थेट समोरच्या घरी. समोरच्या बाई शाळेत शिकवतात, म्हणजे ह्यांच्या हिशेबी विश्वासाच्या. आंबा त्यांचीच मुलगी असेल, हे ह्यांच्या स्वप्नातही आलं नाही. मी मागोमाग धावले. “अहो, परत चला,” म्हणेपर्यंत फोन बाईंच्या हातात गेला होता.

त्यांनी चष्मा लावला, हसत हसत वाचायला लागल्या. मग हसू गेलं. अंगठा थांबला, वर गेला, पुन्हा खाली आला. हे दारात उभे राहून चपलेनं पायपुसणं सरळ करत होते. शेवटी बाईंनी फोन परत दिला. “काही नाही सर, अभ्यासाचंच आहे,” त्या इंग्रजीत म्हणाल्या आणि दार लावून घेतलं.

“बघ, विचारलं म्हणून कळलं,” हे खूश होऊन म्हणाले. मला त्या क्षणी ह्यांचा जेवढा राग आला तेवढा लग्नाच्या अठरा वर्षांत आला नव्हता.

मुलगी ओल्या केसांनीच बाहेर आली, तिनं सगळं ऐकलं. मग त्या मेसेजांत काय होतं ते तिनं मला सांगितलं. मैत्रीण दोनतीनदा क्लास बुडवून वर्गातल्या एका मुलाबरोबर समुद्रावर गेली होती. बसून आइस्क्रीम खाल्लं, बस. पण मुलगा त्यांच्या जातीतला नव्हता. संध्याकाळी समोरून रडणं ऐकू आलं, आणि त्याच आठवड्यात त्या पोरीला दूर तिरुनेलवेलीला आजीकडे धाडलं. शाळाही तिकडेच. ती बॅग घेऊन जिना उतरायला निघाली तेव्हा आमची दारात उभी होती. मैत्रीण थांबली, तमिळमध्ये एवढंच म्हणाली, “मी तुझ्यावर विश्वास ठेवला होता.” ही तमिळ मला समजली.

आता आमची पोरगी फोनला हातही लावत नाही. ह्यांनी ही गोष्ट ग्रुपवर अभिमानानं लिहिली. दिरांनी शाबासकीचे अंगठे टाकले, एका जावेनं उपाय विचारला.

परवा जेवताना मला राहवलं नाही. मी म्हटलं, “तिला वाटतंय हिनंच चुगली केली. पोर आतल्या आत झुरतेय, तुम्हाला दिसत नाही का?”

“एवढंच ना?” हे म्हणाले. त्यांनी उठून तिचा फोन आणला, तिच्या ताटाशी ठेवला. “कर मेसेज. लिही, की बाबांनी नेला होता. माझी हरकत नाही.”

मुलीनं फोनकडे पाहिलंही नाही. “तिच्याकडे फोन नाही, बाबा. काढून घेतला तिच्या घरच्यांनी.”

हे माझ्याकडे वळले. “बघ,” म्हणाले, “त्यांनीही काढून घेतलाच की.”