हाव म्हंजे हो

मी वऱ्हाडातल्या सोनाळ्याची. आमचा वांग्या-मिरच्यांचा मळा होता, आणि पोरगी बी.ए. झाली, आता आणखी काय दिवे लावायचे, असं बाबांचं मत होतं. शहरातल्या रेडिओ स्टेशनात कार्यक्रम तयार करायचं काम शिकायला मला बोलावणं आलं तेव्हा मी घर डोक्यावर घेतलं. जेवणच सोडलं. शेवटी बाबा वैतागून म्हणाले, "जाय बाप्पा. पन दिवाळीपावतर. त्याईनं ठेवून घेतलं तं ठीक, नाही तं मी घ्याले येतो."

मला तरुणांच्या कार्यक्रमावर टाकलं. शनिवारी संध्याकाळी तिथं परदेशी रॉकच्या तबकड्या लागायच्या, नुसता गिटार आणि ड्रमचा धुमाकूळ. कार्यक्रमाचे साहेब पुण्याचे. त्या धुमाकुळावर त्यांचा जीव, आणि शुद्ध मराठीवर त्याहून जास्त. मी टेप ब्लेडनं कापायला शिकले, चिकटपट्टीनं जोडायला शिकले. लाल दिवा लागला की बांगडीही वाजू द्यायची नाही, म्हणून मनगटाला रुमाल गुंडाळून बसायची. पण तोंडातून 'मले' गेलं की साहेब टेबलावर पेन्सिल आपटायचे, "मले नाही, मला!" मी "हो, मला" म्हणायची आणि मनात त्यांना चार शिव्या घालायची.

दिवाळी जवळ आली तशी साहेबांनी मला एक काम दिलं. एक गाणं स्वतः शोधून, रेकॉर्ड करून आणायचं. जमलं तर नोकरी, नाही तर रामराम.

मी सरळ शेगाव गाठलं. तिथं कॉलेजच्या चार पोरांनी एक कंपू जमवला होता. गिटार एकच, ड्रम म्हणून लग्नाच्या बँडवाल्याचा ढोल, आणि तालमीला एका लॉजची मागची खोली. पहिल्यांदा रेकॉर्डिंग केलं तर मधेच रेल्वेची शिटी. पुन्हा केलं. गाणं म्हणजे सवाल-जवाब होता. एकजण ओरडायचा, "जोर हाय का बे?" आणि बाकीचे छत फाटेल असे, "हाव!" "गाऊन राह्यले का बे?" "हाव!" लॉजमध्ये उतरलेले, दर्शनाला आलेले लोक दारात जमले आणि तेही "हाव" म्हणायला लागले. एक म्हातारी तर सगळ्यांत जोरात. मी म्हटलं, जमलं!

साहेबांनी टेप ऐकली. पाय ताल धरत होता त्यांचा, मी पाहिलं. पण टेप थांबली आणि कपाळाला आठ्या.

"चाल झकास आहे. पण ही काय हाव? संतांनी जन्मभर सांगितलं हाव सोडा, आणि ही पोरं बोंबलतायत हाव, हाव!"

मला आधी कळेचना. कळलं तेव्हा मी साहेबांसमोर खो खो हसले. "अहो साहेब, आमच्याकडे हाव म्हंजे हो!"

"मग 'हो' म्हणायला सांगा त्यांना."

"'हो' म्हणून असं बोंबलता येत नाही, साहेब. करून पाहा."

त्यांनी खरंच करून पाहिलं. बैल थांबवल्यासारखं वाटलं. ते त्यांनाही जाणवलं असावं, कारण ते जास्तच चिडले. "सगळे 'हाव' कापून टाका."

मी ब्लेड घेऊन बसले. पहिला 'हाव' कापला, दोन टोकं जोडली, ऐकलं. "जोर हाय का बे?" आणि पुढं काहीच नाही. विचारणारा विचारतोय आणि समोरचे सगळे मेले की काय! इतका संताप आला मला. तो इवलासा तुकडा उचलून मी परत होता तिथं चिकटवला आणि साहेबांच्या खोलीत गेले.

"मी कापत नाही. काढायचं तर मलाच काढा."

बोलून तर बसले. साहेबांनी हातातली पेन्सिल खाली ठेवली. म्हणाले, "मग अर्थही तुम्हीच सांगा. गाण्याआधी, माईकवर. लोकांना कळलं नाही तर खापर तुमच्या डोक्यावर."

शनिवारी लाल दिवा लागला. वाक्यं पाठ होती माझी. "हे गाणं शेगावच्या तरुणांचं आहे. यातली हाव म्हणजे लोभ नाही. वऱ्हाडात हाव म्हणजे हो." इथं थांबायचं होतं. पण जीभ कुठं ऐकते? "हे गाणं मले लय आवडते." मले! काचेपलीकडे साहेबांनी कपाळावर हात मारला. गाणं सुरू झालं आणि मला वाटलं, संपलं आपलं.

दिवाळी आली होती. सोमवारी बाबा स्टेशनच्या फाटकात हजर. एका हातात वांग्यांची पिशवी, दुसऱ्या हातात माझी वळकटी बांधायला दोर. मी काही सांगायच्या आत साहेबच बाहेर आले. ओळख झाली. साहेब म्हणाले, "मुलगी जिद्दीची आहे. आम्ही ठेवून घेतोय तिला. फक्त भाषा थोडी सुधारावी लागेल."

बाबांचा चेहरा पडला. "काऊन साहेब? बिघडली काय? शनवारी तं चांगली बोलली. पंचायतीच्या रेडिओवर अख्खं गाव आयकून राह्यलं होतं."

साहेब मोठ्यानं हसले. "नाही हो. बिघडलेली नाही."

संध्याकाळी मी बाबांना एस.टी.वर सोडायला गेले. गाडी लागली तरी बाबा चढेनात. दोराशी चाळा करत राहिले.

"शहरात गेली म्हंजे तू आमची नाही राह्यनार, असं वाटे मले. त्याच्यापाई घ्याले आलो होतो, दुसरं काही नाही. पन तू तिथं बसून 'मले' म्हनली, अन् तुही माय रडली." मग चढता चढता म्हणाले, "राह्य आता. बिनघोर राह्य."

गाडी सुटली. मी स्टँडवर सगळ्यांसमोर रडले, आणि मला जराही लाज वाटली नाही.