हिरव्या टेम्पोवरचं नाव

पंचवटीत गाडीवर नाव घालायचं, तर रहेमानचाचांनीच. शाळा सुटली की आम्ही पोरं त्यांच्याभोवती घोळका करायचो. चाचा श्वास रोखून वेलांटी ओढायचे आणि आम्हीही श्वास रोखायचो. काय दिवस होते! आता लोक स्टिकर चिकटवतात. त्या अक्षरांत जीव कसला असणार, डोंबल!

चाचांचं काम आटलं. मग त्यांनी महापालिकेच्या ठेकेदाराकडे वेगळंच काम धरलं. रस्त्यात सडणाऱ्या गाडीवर नोटीस लागते. मुदत संपली की चाचा तिच्यावर लाल रंगात ‘बेवारस’ लिहितात आणि क्रेन तिला उचलून नेते.

परवा भाजीबाजारामागे त्यांचा ब्रश अडला. धुळीने माखलेल्या हिरव्या टेम्पोच्या कपाळावर पिवळं ‘रूपाली’ होतं. अक्षर त्यांचंच. मालक मखमलाबादचा भिमाजी झेंडूवाला. वीसेक वर्षांपूर्वी, दसऱ्याच्या आदल्या दिवशी चिमुरड्या लेकीला कडेवर घेऊन त्याने ते नाव घालून घेतलं होतं.

चाचा थेट त्याच्या मळ्यात गेले. “भंगारात का नाही दिला, भिमाजी?”

“लेकीचं नाव हाय त्याच्यावर, रहेमानभाई. ती सटाण्याला नांदते. तिचं नाव भंगारवाल्याच्या हातात कसं देऊ? म्हनलं, पालिकाच नेईल. आपल्याला बघायला नको.”

विकवत नाही म्हणून टेम्पो रस्त्यावर टाकणारा असा बाप मी तरी दुसरा पाहिला नाही. शेवटी ठरलं, चाचांनी नाव खरवडायचं आणि मग टेम्पो जाऊ द्यायचा.

दुसऱ्या दिवशी क्रेन येऊन थांबली. न राहवून भिमाजीही आला होता, आणि मीही बघायला गेलो होतो. चाचा पात्याने स्वतःचंच अक्षर खरवडत होते. त्यांचे डोळे भरून आले होते, आणि खोटं कशाला बोलू, माझेही. पिवळा रंग गळून पडला, पण नाव गेलं नाही. उन्हाने सगळा टेम्पो विटला होता. अक्षरांखालचा हिरवा रंग तेवढा ताजा राहिला होता. ‘रूपाली’ आधीपेक्षा ठसठशीत दिसायला लागलं.

भिमाजी पत्र्यावर हात ठेवून ढसाढसा रडला.

“बाबा, हुक लावू का?” क्रेनवाल्याने विचारलं.

“नको. काय दंड असंल तो भरतो. टेम्पो माझा हाय.”

संध्याकाळी टेम्पो ट्रॅक्टरला बांधून मळ्याकडे निघाला. टेम्पोच्या स्टिअरिंगवर भिमाजी होता. शेजारी चाचा बसले होते, आणि त्यांच्या मांडीवर पिवळ्या रंगाचा नवा डबा होता.